बारीक रेघा बाकी

माझ्या कामाच्या वहीत प्रत्येक कामापुढे तीन खाने असतात: घेतलं, चालू, झालं. इतकी वर्षं तीन खान्यांत भागलं. या हिवाळ्यात एका बोर्डासाठी चौथा खाना आखावा लागला. त्यात मी लिहिलं, 'बारीक रेघा बाकी.'

मी पेंटर. सौंदडला स्टेशनच्या रस्त्याला दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. फ्लेक्स आल्यावर आमच्या धंद्यातल्या बहुतेकांनी ब्रश ठेवून दिले. मी टिकलो, कारण मी यादी करून काम करतो. कोणत्या शाळेच्या भिंतीला किती वर्षांनी पोपडे येतात, कोणत्या ग्रामपंचायतीला मार्चच्या आत भिंती रंगवून हव्या असतात, कोणाची पाण्याची टाकी नवीन आहे आणि तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही, हे सगळं माझ्याकडे मांडलेलं असतं. भिंत, टाकी, नंबर प्लेट, सगळीकडे अक्षर एकाच जाडीचं. चपटा ब्रश घ्या आणि चालत सुटा. बारीक रेघ कुठे लागतच नाही.

धान निसवत होते, लोंब्या बाहेर येत होत्या, तेव्हा गोंदियाचा एक तरुण व्यापारी गाडी घेऊन दुकानात आला. नवेगाव बांधला तलावाजवळ त्याने पाहुण्यांसाठी आठ खोल्या बांधल्या होत्या. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात, त्यांच्यासाठी.

"काका, फ्लेक्स नाही पाहिजे. हाथ से बनाया हुआ पाहिजे, लकडीवर. एकदम क्लास."

त्याने मोबाइल पुढे केला. त्याच्या जागेचं नाव, नऊ इंग्रजी अक्षरं, एका फॉन्टमध्ये लिहिलेली.

"याला हाय कॉन्ट्रास्ट सेरिफ म्हणतात. मोठ्या हॉटेलांत, मॅगझिनवर असतो ना, तसा."

"आम्ही याला जाड-बारीक म्हणतो," मी म्हणालो.

फॉन्ट सुंदर होता, यात शंका नाही. उभा पाय जाड आणि आडवी रेघ केसाएवढी. पायाच्या वर आणि खाली एकेक चपटी बारीक पट्टी, जणू अक्षर पाटावर उभं केलं आहे. O घ्या. दोन्ही बाजूंना पोट आणि वर-खाली इतकं बारीक की तिथे तुटतं की काय असं वाटावं. N मध्ये तिरपी दांडी जाड असते आणि दोन्ही उभे पाय बारीक. नवीन पेंटर इथेच फसतो, उभं दिसलं की जाड करून टाकतो. आपल्या देवनागरीतही जाड-बारीक असतं, पण ते बोरूच्या तिरक्या कापाचं. तिथे जाड हळूहळू उतरत बारीक होतं. या इंग्रजी अक्षरांत उतार नसतो. जाड संपतं आणि बारीक एकदम सुरू होतं.

अशी अक्षरं मोठीच करावी लागतात. लहान केली की बारीक रेघ मरते. मोठी केली तरी लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांत ती टिकेल की नाही, याचा अंदाज हाताला असावा लागतो. तो माझ्या हाताला कधीच नव्हता. आमच्या दुकानात जाड माझं आणि बारीक बायकोचं.

ही वाटणी आम्ही ठरवून केली नव्हती. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. एका सोनाराच्या दुकानाचा बोर्ड अंगणात आडवा ठेवला होता. जाड पाय ओढून झाले होते आणि बारीक रेघांशी सकाळपासून माझी झटापट चालली होती. रेघ ओढताना मी श्वास धरतो. श्वास धरला की हाताला घाम येतो, आणि घाम आला की रेघ हलते. मी वैतागून जेवायला बसलो. जेवून आलो तर तीन अक्षरांच्या रेघा झालेल्या. ती उकिडवी बसली होती आणि चौथ्याची ओढत होती. तिच्या वडिलांचं घर नवेगाव बांधचं. ते मासेमारीची जाळी विणायचे आणि लहानपणापासून गाठी मारायचं काम हिच्याकडे. मी मागे उभा राहून बघत होतो.

"कायले पाहून राहिले जी? जाऊन पाणी प्या," ती मान वर न करता म्हणाली.

तेव्हापासून तो भाग तिचा. एका जुन्या ब्रशचे केस कापून कापून तिने स्वतःचा ब्रश तयार केला, लांब आणि मोजक्याच केसांचा. त्या ब्रशला मी हात लावलेला तिला चालायचा नाही. बोर्ड रस्त्याच्या किती लांब लागणार, हे ती आधी विचारायची आणि त्याप्रमाणे रेघेत रंग कमी-जास्त ठेवायची. मी दीड इंचाचे पाय ओढून ठेवायचो, ती मागून एक सुताच्या, इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या, रेघांनी ते जोडत यायची. एका अक्षरावर दोघांचे हात, आणि गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी ती पुण्याला गेली. तीन महिन्यांसाठी. मी यादी करून दिली होती: पाच साड्या, स्वेटर, डिंक, जवस, औषधांची पिशवी. ब्रश तिने नेला नाही. "तिथं कोनाचा बोर्ड रंगवू? तीन महिन्यांत तर येऊनच राहिली," असं म्हणून तिने तो खिडकीतल्या डब्यात ठेवला. मग मुलीची सुट्टी संपली. मग नात रांगायला लागली. मग पाळणाघर चांगलं मिळेना. मी एकदा न राहवून कारणांची यादी केली. सगळी खरी होती. एकही खोडता येईना. त्यामुळे 'ये' असं मी तिला कधी म्हटलं नाही. रोज फोनवर बोलायचो. गॅस आला, नळ आला नाही, शेजारी कोणाकडे काय झालं.

त्या फॉन्टचा फोटो मी तिला पाठवला. लगेच फोन आला.

"O किती आहेत?"

"एक."

"अन् N?"

"दोन. रस्त्यापासून बोर्ड पंचवीस फुटांवर."

"मंग दोन दिवसांचं काम. तुम्ही जाड करून ठेवा. मंडईले येतोच आम्ही, तेव्हा मी करून टाकतो," ती म्हणाली.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. ज्या दिवशी गावची मंडई, त्या दिवशी लेकी, जावई, सोयरे घरी येतात. दिवसा बाजार, संध्याकाळी जेवणं, मग नाटक. ती येणार म्हटल्यावर मी त्या व्यापाऱ्याला मंडईनंतरची तारीख दिली. वहीत लिहिलं. मग घराची यादी केली: माळ्यावरच्या गाद्या उन्हात टाकणे, मोरीचा नळ, नातीसाठी दाराला आडवी फळी.

सागाची सहा फूट लांब फळी घासली, दोन हात गडद हिरवा दिला, दोऱ्याने आखणीच्या खुणा पाडल्या आणि सायीच्या रंगात जाड पाय ओढले. एका दिवसात नऊ अक्षरांचं जाड झालं. बोर्ड पडवीत भिंतीला टेकवून ठेवला. जाता-येता दिसायचा. E म्हणजे एक खांब आणि त्याच्यापुढे हवेत लटकलेले तीन छोटे त्रिकोण. H म्हणजे शेजारी शेजारी दोन खांब. N म्हणजे नुसती तिरपी दांडी.

मंडईच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. नातीला सांभाळणारी बाई काम सोडून गेली होती. मुलीला सुट्टी नव्हती.

"नाही जमत आता," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.

"बोर्डाचं काय करता?"

"बघतो."

"बघतो म्हणजे काय?"

"म्हणजे बघतो."

मंडईला माझी बहीण आणि तिचे मालक आले. बहिणीने स्वयंपाक केला, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं गेली. शेजारी पिठाची चक्की आहे. तिची मालकीण कुंपणावरून म्हणाली, "काय जी भाऊ, आमच्या बाईले पुण्याचं पाणी लागलं का?"

"लागलं वाटते."

"मंग तुमीच जा ना तिकडं. इथं कोनासाठी बसले?"

"भिंती आहेत ना रंगवायच्या."

"भिंती कुठं पळून जातात?" असं म्हणून ती हसली आणि चक्की चालू करायला आत गेली. तिला दुसरं गिऱ्हाईक होतं. मी नातीसाठी दाराला लावलेली फळी काढली. स्क्रू मोजून डबीत ठेवले.

तारीख जवळ आली. दुपारी मी बोर्ड आडवा केला, मोबाइल रंगाच्या डब्याला टेकवला आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. रंगवायला ब्रश तिचाच घेतला. पहिल्यांदाच.

"असा नका धरू. मांगून धरा. अजून मांगून. हां. आता श्वास कायले धरून राहिले? सोडा."

"सोडला."

"नाही सोडला. मले दिसून राहिलं."

H च्या दोन खांबांमधली पट्टी मी ओढली. ती मध्यावर लचकली.

"अहो, हे काय आहे? बांधावरून बकरी गेली वाटते," ती हसायला लागली. मलाही हसू आलं. ओल्या रेघेवरून तारपिनाचं फडकं फिरवलं. दुसऱ्यांदा ओढली, ती सरळ आली पण दोन सूत जाड. तीही पुसली. तिसऱ्यांदा ब्रश टेकवतच होतो, तेवढ्यात नातीने फोन ओढला. "माझा, माझा," असा आवाज, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग रडणं. "थांबा जी, ठेवू नका," असं बायको म्हणाली आणि आवाज लांब गेला. पडद्यावर छत दिसत होतं. मुलीच्या घरचा पंखा सावकाश फिरत होता. मी ब्रश हातात धरून त्या पंख्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने फोन आपोआप बंद झाला. मी तिसरी रेघ ओढली नाही. ब्रश धुतला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी न सांगता आला. बोर्ड पडवीत उभा होता. मी वेळ वाढवून मागायच्या तयारीत होतो, तर हा दारातच थबकला.

"क्या बात है काका! ये तो फोटोपेक्षा भारी झालं."

"अर्धं आहे अजून. बारीक रेघा राहिल्या."

"अर्धं नाही, यही तो स्टाईल आहे! बंगलोरला सगळे कॅफे असेच करून राहिले. बीच की लाइन गायब, सिर्फ मोटा मोटा. वाचता येतं ना? बस."

"तुम्ही दाखवलेला फॉन्ट असा नव्हता."

"अरे, हा त्याच्यापेक्षा चांगला आहे. आता हात नका लावू काका, मेरी कसम."

त्याने आणि त्याच्या ड्रायव्हरने बोर्ड गाडीत घातला. मी त्याला थांबवू शकलो असतो. रंग ओला आहे असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तारीख पाळली होती. गिऱ्हाईक खूष होतं. मी बोर्डाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. तिला हसू येईल, असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी फोन आला.

"बारीक रेघा कोठी आहेत?"

"त्याला असाच आवडला. घेऊन गेला. स्टाईल म्हणे."

पलीकडे तिने नळ बंद केला.

"दोन दिवसांचं काम वाचलं तुझं," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच कळलं.

"चालते तर मंग माझ्याबिना."

"बोर्डाचं म्हणतो मी."

"मी पण बोर्डाचंच म्हणून राहिली," ती म्हणाली आणि नातीला भरवायचं आहे म्हणून फोन ठेवला.

पुढचे आठ-दहा दिवस फोन येत राहिले, पण ते कामाचे. गॅसचा नंबर कधी लावला. बँकेत अंगठा द्यायला कधी जायचं. मी वही उघडून उत्तरं द्यायचो. तिने बोर्डाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. वहीत त्या कामापुढे 'झालं' लिहायला मी तीनदा पेन उचललं. शेवटी चौथा खाना आखला.

मग एका सकाळी मी सामान काढलं: सायीच्या रंगाचा छोटा डबा, तारपीन, फडकी, हाताखाली धरायची काठी, तिचा ब्रश. नवेगाव बांधची बस पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते. मनात हिशेब सरळ होता: बोर्ड पूर्ण करायचा, फोटो काढायचा, पाठवायचा. रेघ कशीही येवो. बारीक रेघांवाचून बोर्ड पुरा होत नाही, हे तिला दिसेल आणि 'चालते तर मंग माझ्याबिना' हे वाक्य खोटं पडेल.

बोर्ड फाटकाजवळ दोन लाकडी बल्ल्यांवर बसवला होता. रस्त्यावरून मी आधी तो गिऱ्हाइकासारखा बघितला. वाचता येत होतं. चांगला दिसत होता, हेही मान्य करायला हवं. नागपूरकडची वाटणारी एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती.

व्यापारी बाहेर आला. माझ्या हातातला डबा बघून त्याचा चेहरा पडला.

"काका, कायले?"

"रेघा भरतो. बाकी आहेत."

"कायले बिघडवता? रोज लोक त्याचा फोटो काढून राहिले. आप बैठो, चाय पिओ."

"काम अपुरं आहे ते. माझं नाव खराब होते."

"बोर्डावर तुमचं नाव कोठी आहे काका?" तो हसत म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. त्याने खरंच चहा मागवला, पोहे मागवले, आणि खोल्यांच्या दारांवर आकडे रंगवायचं काम दिलं. "असेच, बिना लाइनवाले," तो म्हणाला. मी वहीत 'घेतलं' खाली लिहून घेतलं.

तिथून मी चालत तलावाच्या पाळीवर, बांधावर, गेलो. परतीची बस पाचला होती, वेळ होता. सामानाची पिशवी शेजारी ठेवली आणि तिला फोन लावला.

"कोठून बोलता? वाऱ्याचा आवाज येऊन राहिला."

"तुझ्या गावाहून. पाळीवर आहे."

"तिथं काय करून राहिले?"

"बोर्ड पूर्ण करायला आलो होतो. तो करू देत नाही."

"मंग राहू द्या ना. त्याचा बोर्ड आहे."

"त्याचं चालते," मी म्हणालो. "माझं नाही चालत."

पलीकडे नातीचा आवाज येत होता, भांड्यात काहीतरी वाजवत होती.

"काय नाही चालत?" तिने विचारलं.

"तुझ्याबिना."

एवढं बोलायला मला अडीच वर्षं लागली.

"हे आधी बोलाचं होतं," ती म्हणाली. "रोज गॅस अन् नळ, गॅस अन् नळ. मले वाटे, यांचं मजेत चालून राहिलं. ब्रश आणला का माझा?"

"आणला."

"कडक झाला असन. अडीच वर्षं झाली. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं."

"नाही झाला."

"काऊन?"

"दर पंधरा दिवसांनी धुऊन तेल लावतो. जवसाचं नाही, ते वाळून केस चिकटतात. खोबरेल. थंडीत खोबरेल गोठते, तेव्हा शिलाई मशीनचं."

"वहीत लिहून लावत असाल."

"हो."

ती हसली. मग हसणं थांबलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "फोन फिरवा जरा. पाणी दाखवा," ती म्हणाली.

मी व्हिडिओ लावला आणि फोनचं तोंड पाण्याकडे धरलं. पलीकडच्या काठाला बदकांचा काळा पट्टा होता. एक डोंगा मधोमध उभा होता, त्यात एक माणूस जाळं ओढत होता.

"हलवू नका," ती म्हणाली. "कोणाचा डोंगा आहे तो? हात स्थिर ठेवा. हां, असा."

मी हात स्थिर ठेवला. ती बघत होती. नातही बघायला आली असावी, कारण ती तिला हळू आवाजात सांगत होती, हा आमच्या गावचा तलाव, इथं तुझे पणजोबा जाळं टाकायचे. मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, कारण फोनची पाठ माझ्याकडे होती. माझ्यापुढेही तेच पाणी होतं. ऊन उतरत गेलं. डोंगा हळूहळू डाव्या काठाला लागला.

"मग येतेस?" मी विचारलं.

"बाई मिळाली की बघतो. पोरीशी बोलतो," ती म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"आता लगेच वहीत लिहू नका जी."

पाचची बस मागच्या रस्त्यावरून गेली. तिचा हॉर्न मला ऐकू आला. माझी बस कधी चुकत नाही, पण तेव्हा मी उठलो नाही. अंधार पडायला लागल्यावर पाळीवरून उतरलो आणि एका दूधवाल्याच्या गाडीवर बसून घरी आलो. तिचा ब्रश वापरला नव्हता, तरी धुतला आणि तेल लावून डब्यात ठेवला.

खोल्यांच्या दारांचे आकडे मी गेल्या महिन्यात रंगवून दिले. नुसते जाड. बोर्ड तिथे तसाच आहे. येण्याबद्दल ती काय म्हणाली, ते मी अजून वहीत लिहिलेलं नाही.